व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा

मागच्या बाकावर बसून वहीच्या शेवटच्या पानावर शिक्षकांचे चित्र काढणारा विद्यार्थी जिथे नाही, अशी शाळा शोधूनही सापडणार नाही. आमच्या शाळेतही ही परंपरा अखंड चालू आहे. तिच्याबद्दल आमची मुळीच तक्रार नाही. परंतु ही चित्रे पाहताना एक विचार मनात आल्यावाचून राहत नाही. कोणाचे नाक लांब काढले, कोणाचे पोट मोठे काढले, म्हणजे पाहणारा हसतो हे खरे. पण ते हसू चित्रकाराने मिळविलेले की त्या नाकाने? नाकाने मिळविले असेल तर त्यात चित्रकाराचा पराक्रम तो काय? आणि ज्याचे नाक, त्याला हे हसू सोसते का?

आपल्या भाषेत या कलेस 'व्यंगचित्र' हे नाव रूढ झाले आहे. या शब्दात थोडीशी अडचण आहे. 'व्यंग' म्हणजे शरीरातील उणीव. वि आणि अंग मिळून तो शब्द झाला. लंगडेपण, तिरळेपण ही व्यंगे. याच्या अगदी शेजारी 'व्यंग्य' असा दुसरा संस्कृत शब्द आहे. उघड न बोलता सुचविलेला जो अर्थ, त्यास काव्यशास्त्रात व्यंग्य म्हणतात. व्यंजना हा त्याच कुळातील शब्द. आपल्या गावात हिंदी नित्य कानी पडते, म्हणून व्यंग्य हा शब्द विद्यार्थ्यांस परका नाही. एका 'य'चा काय तो फरक. परंतु सारी कला त्या 'य'मध्ये आहे असे आम्हांस वाटते. दुसऱ्याचे व्यंग दाखविणे कोणासही जमते. व्यंग्य साधणे ही मात्र आयुष्यभराची साधना आहे. ती ज्याने केली अशा एका गोमंतकीय कलावंताचा परिचय येथे करून देण्याचे योजिले आहे.

मारिओ मिरांडा यांचा जन्म २ मे १९२६ रोजी दमण येथे झाला. त्या वेळी गोव्याप्रमाणेच दमणवरही पोर्तुगिजांचा अंमल होता. घराणे मूळचे गोव्यातील सासष्टी भागातील लोटली या गावचे, ख्रिस्ती व सुखवस्तू. लोटलीचे त्यांचे जुने प्रशस्त घर पुढे श्याम बेनेगल यांच्या १९८५ सालच्या 'त्रिकाल' या हिंदी चित्रपटात लोकांनी पाहिले.

लहानपणी मारिओ घराच्या भिंतींवर चित्रे काढीत. अशा मुलांचे सामान्यतः काय होते ते वाचकांस ठाऊकच आहे. मारिओंच्या आईने मात्र मुलास एक कोरी वही आणून दिली. त्या वहीला तो 'डायरी' म्हणू लागला. इतर लोक डायरीत दिवसभराची हकिगत लिहितात. हा मुलगा ती काढू लागला. घरी कोण आले, चर्चमध्ये कोण पेंगत होते, बाजारात कशावरून भांडण जुंपले, हे सारे त्या पानांवर उतरू लागले. मारिओंनी चित्रकलेचे रीतसर शिक्षण कोणत्याही संस्थेत घेतले नाही. त्यांची शाळा म्हणजे ही वही. ती मोठेपणीही सुटली नाही.

शिक्षणासाठी त्यांस बंगलोरच्या सेंट जोसेफ शाळेत ठेवण्यात आले. विद्यार्थिदशेत त्यांनी पाद्री लोकांची चित्रे काढली आणि त्याबद्दल बोलणीही खाल्ली. पुढे मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयातून इतिहास विषय घेऊन ते पदवीधर झाले. त्या सुमारास प्रशासकीय सेवेत शिरावे असा विचार होता. नंतर आईवडिलांच्या इच्छेस मान देऊन ते वास्तुशास्त्र शिकू लागले. पण त्यात मन रमले नाही, आणि तो अभ्यास लवकरच सुटला. येथे वाचकांनी लक्षात घ्यावे की, ही काही शाळा सोडून यशस्वी होणाऱ्या माणसाची कथा नव्हे. त्यानंतर चार वर्षे त्यांनी जाहिराती तयार करणाऱ्या एका चित्रशाळेत नोकरी केली. दुसऱ्याने सांगितलेला माल दुसऱ्याने सांगितलेल्या वेळेत काढून देणे, हे त्या कामाचे स्वरूप. हात तयार होण्यास असे काम फार उपयोगी पडते. त्याची गोडी वाटो वा न वाटो.

त्यांची काही चित्रे प्रथम 'इलस्ट्रेटेड वीकली ऑफ इंडिया' या साप्ताहिकाने छापली. मग 'करंट' या साप्ताहिकाकडून बोलावणे आले. डी. एफ. कराका यांनी १९४९ साली मुंबईत काढलेले हे साप्ताहिक आपल्या तिखट लेखनाबद्दल प्रसिद्ध होते. सुमारे वर्षभराने 'टाइम्स ऑफ इंडिया'ने त्यांस आपल्याकडे घेतले. याच वृत्तपत्राने आधी एकदा त्यांस नकार दिला होता.

नियतकालिकांतून येणारे हास्यचित्र ही वस्तू आपल्याकडे त्या वेळी अगदी नवी नव्हती. लंडनमध्ये १८४१ साली 'पंच' हे साप्ताहिक निघाले आणि त्याचे वारे लवकरच हिंदुस्थानात पोचले. मुंबईत 'हिंदी पंच' निघाले, तसेच 'हिंदुपंच'ही. स्वातंत्र्यानंतर दिल्लीत शंकर यांचे 'शंकर्स वीकली' १९४८ ते १९७५ पर्यंत चालले. मराठीत तर दिवाळी अंकांनी हास्यचित्रांस घरोघर पोचविले. दीनानाथ दलाल, शि. द. फडणीस, वसंत सरवटे ही नावे मराठी वाचकांस सांगावयास नकोत. १९६० साली बाळ ठाकरे यांनी 'मार्मिक' सुरू केले, त्याचा भर राजकारणावर होता. मारिओंची प्रकृती याहून वेगळी. राजकारणात त्यांचे मन फारसे नव्हते. पुढारी त्यांच्या चित्रांत येतो, पण तो रस्त्यातील इतर माणसांसारखा एक माणूस म्हणून येतो.

आता त्यांच्या रेषेविषयी थोडे सांगितले पाहिजे, आणि ते सांगण्यासाठी त्या काळच्या छापखान्यात डोकावले पाहिजे. शिशाच्या खिळ्यांनी मजकूर छापला जाई, तेव्हा चित्रासाठी जस्ताचा ठसा करावा लागे. त्यास ब्लॉक म्हणत. चित्राचे छायाचित्र घेऊन त्याच्या काचेवरून जस्ताच्या पत्र्यावर प्रकाश टाकीत. पत्र्यावर आधीच औषध लावलेले असे. मग तो पत्रा तेजाबात धरला म्हणजे जिथे रेषा नाही तेवढा भाग खाल्ला जाई, आणि रेषा उठून वर राही. तो पत्रा लाकडावर ठोकून खिळ्यांच्या उंचीस आणला की मजकुराबरोबर चित्र छापले जाई. या पद्धतीत काळे किंवा पांढरे एवढीच सोय असे. मधला करडा रंग हवा असेल तर चित्र बारीक ठिपक्यांत फोडणारा हाफटोन ब्लॉक करावा लागे. वर्तमानपत्राच्या खरबरीत कागदावर तो पुष्कळदा डागाळून जाई. म्हणून वृत्तपत्रांच्या चित्रकारास केवळ काळ्या रेषेवर सारा संसार उभा करावा लागे.

मारिओंनी या अडचणीचे सोने केले. छाया दाखवावयाची नाही, तर मग पृष्ठभाग भरावयाचा कशाने? त्यांनी तो नक्षीने भरला. घराची कौले एकेक मोजता यावीत अशी काढली. बायकांच्या झग्यांवर ठिपके, साड्यांवर फुले, जमिनीवर फरश्यांचे चौकोन, माडाच्या झावळीची पाती न् पाती, खिडक्यांच्या झडपांच्या पट्ट्या. एका भागात दाट नक्षी आणि तिच्या शेजारी स्वच्छ कोरा कागद, त्यामुळे डोळ्यास कोठे थांबावे ते आपोआप कळते. इंग्रज व्यंगचित्रकार रोनाल्ड सर्ल यांचा त्यांच्यावर प्रभाव होता, आणि ते तो मानीत. परंतु सर्ल यांची रेषा शाईचे शिंतोडे उडवीत, काटेरी होऊन धावते. मारिओंची रेषा गोलाईची, सावकाश, घरंदाज. डोळे मात्र सर्वांचे टपोरे, बाहेर आलेले, अर्धवट मिटलेल्या पापण्यांचे. दहा चित्रांत मिसळलेले त्यांचे चित्र शाळकरी मूलही ओळखील.

त्यांनी निर्माण केलेली काही माणसे वाचकांच्या घरचीच होऊन बसली. कचेरीतील साहेब गोडबोले, त्यांची चिटणीस मिस फोन्सेका, बंडलदास नावाचे मंत्री, सिनेमातील नटी रजनी निंबूपाणी. नावांवरूनच गंमत ध्यानी यावी. 'बंडल' या शब्दाला आपल्या बोलीत जो अर्थ आहे, तो घेऊनच मंत्रिमहोदय जन्मास आले. मिस फोन्सेकांविषयी आमचे मत मात्र मिश्र आहे. ठिपक्यांच्या तंग झग्यातील ती तरुणी आणि तिच्याकडे पाहणारे कचेरीतील पुरुष, हा विषय त्या काळी सर्वत्र खपत असे. विनोदाचा बळी पुष्कळदा साहेबच होतो हे खरे; तरी नोकरी करणाऱ्या स्त्रीकडे पाहण्याची ती दृष्टी आज मुलींच्या हाती देताना आमचा हात थोडा अडखळतो. मोठ्या कलावंताचे सर्वच चित्र मोठे मानले पाहिजे, असा नियम नाही.

१९५९ साली त्यांच्या आयुष्यास वळण लागले. लिस्बन येथील गुलबेंकियन प्रतिष्ठानाने त्यांस शिष्यवृत्ती दिली आणि ते वर्षभर पोर्तुगालमध्ये राहिले. गोवा त्या वेळी अद्याप मुक्त व्हावयाचा होता. तो १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला. पोर्तुगालमधून मारिओ लंडनला गेले व तेथे सुमारे पाच वर्षे राहिले. 'पंच' ज्या शहरात जन्मले आणि जिथे व्यंगचित्रकारास समाजात मान होता, त्या शहरात नवख्या परदेशी माणसाने आपली रेषा विकावयाची, ही सोपी गोष्ट नव्हती. पुढे ते मुंबईस परतले, पुन्हा 'टाइम्स'मध्ये रुजू झाले, आणि आर. के. लक्ष्मण यांचे सहकारी म्हणून काम करू लागले. १९७४ साली अमेरिकेने त्यांस निमंत्रण दिले. त्या दौऱ्यात 'पीनट्स' या चित्रमालिकेचे जनक चार्ल्स शुल्झ आणि 'वॉशिंग्टन पोस्ट'चे हर्ब्लॉक यांच्याशी त्यांचा परिचय झाला. वीसहून अधिक देशांत त्यांच्या चित्रांची प्रदर्शने भरली. हे सारे मोठेच. पण आम्हांस त्याहून महत्त्वाची वाटणारी गोष्ट निराळी आहे.

आमची घरची भाषा कोंकणी. म्हणून ही गोष्ट जरा जवळून सांगतो. हिंदी चित्रपटांनी कित्येक वर्षे गोवेकराचे एक ठरावीक सोंग पडद्यावर नाचविले. तो दारू पितो, मोडके हिंदी बोलतो, गिटार वाजवितो, आणि नायकाला हसू यावे एवढ्यासाठी जगतो. चित्रपटगृहात सारे हसत असताना कोंकणी माणसाने कोणता चेहरा करावा, हा प्रश्न आमच्या पिढीतील पुष्कळांना पडलेला आहे. आता मारिओंची गोव्याची चित्रे उघडावी, तर तेथेही दारूचा गुत्ता आहेच! तेथेही कोणी टेबलावर डोके ठेवून झोपला आहे, कोणी वाजवीत आहे, कोणी गात आहे. मग पडद्यावरचे सोंग बोचते आणि हे चित्र पाहून मन प्रसन्न होते, याचे कारण काय? मारिओ आपल्यातले म्हणून त्यांस सूट द्यावयाची, एवढेच का? आम्हांस ते उत्तर पुरेसे वाटत नाही. आपल्यातला माणूसही परक्यांच्या टाळ्यांसाठी आपल्या माणसांना विकू शकतो. असे पुष्कळ पाहण्यात येते.

उत्तर चित्रातच शोधले पाहिजे. मारिओंच्या गुत्त्यात झोपलेल्या त्या मनुष्याच्या पायाशी त्याचे कुत्रे बसलेले असते. दारात बायको कमरेवर हात ठेवून उभी असते. खिडकीबाहेरून पदेर, म्हणजे सायकलवरून पाव विकणारा, जात असतो. वरच्या मजल्यावरून एक म्हातारी हे सर्व पाहत असते, आणि चर्चकडे निघालेला पाद्री ते न पाहिल्यासारखे करीत असतो. तो मनुष्य तेथे एकटा 'दारुडा' म्हणून नाही. तो कोणाचा तरी शेजारी आहे, कोणाचा तरी नवरा आहे, आणि त्या चित्रात त्याच्याखेरीज आणखी तीस माणसे आपापल्या वेडेपणात गुंग आहेत. म्हातारीला हसावे की पाद्र्याला, ते पाहणाऱ्याने ठरवावे. चित्रपटातले सोंग सर्वांपासून तोडून वेगळे काढलेले असते, म्हणून ते बोचते. मारिओ कोणासच तोडून काढीत नाहीत. गर्दी हे त्यांचे नुसते आवडते दृश्य नव्हे. तो त्यांचा न्याय आहे.

मुंबईस गेल्यास कुलाब्याच्या कॅफे मोंडेगरमध्ये त्यांनी रंगविलेल्या भिंती पाहता येतात. एका भिंतीवर मुंबईचे जीवन आहे, दुसरीवर त्या उपाहारगृहातलेच वातावरण. म्हणजे भिंतीखाली बसून चहा पिणारा मनुष्य वर पाहतो तो काय, आपल्यासारखीच मंडळी तेथे खात, पीत, बडबडत बसलेली! हसता हसता आपणच हसण्याचा विषय झालो आहोत हे त्याच्या ध्यानी येते, आणि तरी त्याला राग येत नाही.

आता हे आपल्या गावास लावून पाहण्याजोगे आहे. बऱ्हाणपूरच्या शनवाऱ्यात सायंकाळी उभे राहावे. यंत्रमागावरून सुटलेले कामगार, केळीचे घड भरलेल्या गाड्या, जिलबीच्या दुकानापुढचा घोळका, बुरख्यातील आजीबाई, नऊवारीतील आजीबाई, दोघींनाही घाई. मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, अहिराणी यांचा एकच कल्लोळ. ज्या गावच्या जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही कोरलेला आहे, त्या गावात अशा गर्दीचे नवल वाटावयास नको. विद्यार्थी मात्र चित्र काढावयास बसला की यांतील एकास उचलतो, आणि बहुधा जो बोलताना अडखळतो किंवा चालताना लंगडतो त्यासच. गेल्या काही वर्षांत आमच्या भित्तिपत्रकासाठी आलेल्या हास्यचित्रांपैकी निम्मी अशी होती, व ती लावता आली नाहीत. त्यांतील हात कच्चे होते म्हणून नव्हे. काही रेषा तर आमच्या चित्रकलाशिक्षकांनीही वाखाणल्या. पण ज्याचे चित्र तो शेजारच्याच वर्गात बसलेला होता. ज्यांना हे पटत नसेल त्यांनी एक प्रयोग करून पाहावा. तेच चित्र पुन्हा काढावे, त्या मुलाभोवती त्याचे मित्र, पानवाला, रिक्षावाला, शाळेचा शिपाई, झाडावरचा कावळा अशी दहा तरी चित्रे घालावीत, आणि त्यांत कोठेतरी, वही घेऊन बसलेले आपले स्वतःचेही ध्यान काढावे. मग विनोद कोठे उरतो आणि कोठे नाहीसा होतो, ते आपोआप दिसेल.

मारिओ उत्तरायुष्यात लोटलीस जाऊन राहिले. त्यांस १९८८ साली पद्मश्री आणि २००२ साली पद्मभूषण हे किताब मिळाले. ११ डिसेंबर २०११ रोजी त्याच घरी त्यांचे देहावसान झाले. कोणत्याही धर्मविधीवाचून आपले दहन व्हावे अशी त्यांची इच्छा होती, त्याप्रमाणे मडगाव येथे दहन झाले. दुसऱ्याच वर्षी, २०१२ साली, त्यांस मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

त्यांच्या १९४९, १९५० आणि १९५१ या तीन वर्षांच्या डायऱ्या पुढे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाल्या आहेत. कोणी त्या मिळवून पाहिल्यास त्यांत रोजच्या रोज काढलेला गोवा दिसेल. त्या काढीत असताना मारिओ तेवीस ते पंचवीस वर्षांचे होते, जगाने त्यांचे नाव ऐकलेले नव्हते, आणि ती पाने कधी छापली जातील असे समजून त्यांनी ती काढलेली नव्हती.